तिला पुन्हा विचारा

ताईंनी एकतीस वर्षं एका संस्थेत कुमारी मातांच्या समुपदेशनाचं काम केलं. मी दत्तक गेलेली मुलगी, जन्म 1984 चा. माझी संस्था वेगळी, त्यांची वेगळी. आमची गाठ पडली ती दत्तक पालकांच्या एका मेळाव्यात. मी तिथे बोलताना म्हटलं होतं, "माझ्या आयुष्यातली सर्वांत मोठी गोष्ट माझ्याशिवाय ठरली." कार्यक्रम संपल्यावर ताई जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "तुझ्याशिवाय ठरली, खरं आहे. पण तुझ्या आईशिवायही ठरली असेल, असं कधी वाटलं नाही का तुला?"

त्यानंतर आम्ही भेटत राहिलो, बहुतेक वेळा त्यांच्या घरी, दुपारच्या चहाला. पुष्कळ मुद्द्यांवर आमचं जुळलं नाही. लेखात नावं घालायची नाहीत, यावर मात्र लगेच जुळलं, तेही वेगवेगळ्या कारणांनी. त्यांना ज्यांची गुपितं जपायची आहेत अशा बायका अजून हयात आहेत. आणि मला माझं पहिलं नावच ठाऊक नाही.

मी: ताई, त्या दिवशी तुम्ही म्हणालात ते मला पटलं नव्हतं. बाळ सोडताना सही तर आईचीच घेतात ना?

ताई: सही तिची. बाकी सगळं इतरांचं. ऐंशीच्या दशकात मुलगी आमच्याकडे यायची तेव्हा पाचवा-सहावा महिना लागलेला असायचा. बरोबर बाप नाही तर मामा. गावात सांगून ठेवलेलं असायचं, पोरगी टायपिंग शिकायला पुण्याला गेलीय. ती खाली मान घालून बसायची आणि बोलायचा मामा. तिचं वयसुद्धा तोच सांगायचा. 1971 च्या गर्भपाताच्या कायद्यात साधन फसल्याचं कारण विवाहित बाईलाच देता यायचं. ती अट बदलायला 2021 उजाडलं. बिनलग्नाच्या मुलीला दवाखान्यात जाऊन काय सांगायचं हेच कळायचं नाही, आणि कळेपर्यंत मुदत संपलेली. पोर ज्याचं, तो कुठेच नसायचा. एकतीस वर्षांत असे बाप मी तीन पाहिले.

मी: पण तुम्ही तिला विचारत होतात?

ताई: विचारायची. मामाला बाहेर पाठवून विचारायची, "तुला काय करायचंय? बाळ ठेवायचंय का?" ती दाराकडे बघायची. ज्या मुलीला शाळा सोडताना विचारलं नाही, शेतावर पाठवताना विचारलं नाही, तिला मी आयुष्यातला पहिला प्रश्न हा विचारत होते. तिला उत्तर कुठून सुचणार?

मी: आता तरी बदललंय ना? बाळ सोडायला आईला बाल कल्याण समितीसमोर जावं लागतं, फेरविचाराला 60 दिवस मिळतात.

ताई: मिळतात, आणि ते चांगलंच आहे. पण त्या 60 दिवसांत गाव बदलत नाही, मामा बदलत नाही. मूल कडेवर घेऊन राहायला तिला खोली मिळत नाही, काम मिळत नाही. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अविवाहित आईला वडिलांचं नाव न सांगताही मुलाची पालक होता येतं. कागदावर वाट मोकळी झाली. त्या वाटेनं चालायला माणसं लागतात ना सोबत! आणि मुलगी अठराच्या आतली असली तर गोष्ट पोलिसांत कळवावीच लागते. कायदा तिच्या रक्षणासाठी आहे, पण घरचे त्याला इतके घाबरतात की ती आमच्यापर्यंत येतच नाही. मग बाळ सापडतं झुडपात नाही तर बसस्टँडवर.

मी: तिला 60 दिवस. दत्तक घेणाऱ्यांना बाळाचा फोटो आणि अहवाल दिसला की होय-नाही ठरवायला 48 तास. मी हे आकडे ऐकले तेव्हा मनात पहिला विचार आला, की बाळाच्या रकान्यात काहीच नाही.

ताई: तान्ह्या बाळाला कोण काय विचारणार, बाळा? कोणालाच विचारून जन्माला घालत नाहीत. माझ्या मुलांनाही मी विचारलं नव्हतं.

मी: खरं आहे. पण तुमच्या मुलांना नंतर विचारता आलं. आई, मी रात्री झालो की पहाटे? मी कोणासारखा दिसतो? असले प्रश्न माझ्या घरात हवेत विरून जायचे. आई-बाबा म्हणायचे, "आम्ही तुला निवडून आणलं." लहानपणी ते ऐकून छाती फुगायची. बारा-तेरा वर्षांची झाले तेव्हा एका रात्री लक्षात आलं, की निवडून आणण्याआधी मला कोणीतरी ठेवून गेलं असणार. त्या रात्रीपासून शाळेतल्या प्रत्येक बाईच्या चेहऱ्याकडे, बसमधल्या, बाजारातल्या बायकांकडे मी बघायला लागले. पुढे माझी मुलगी झाली. तिच्या हनुवटीवर खळी होती, माझ्यासारखी. मी एकोणतीस वर्षांची होते, आणि माझ्यासारखं दिसणारं माणूस पहिल्यांदा बघत होते. दवाखान्यात सगळे पेढे वाटत होते आणि मला रडू आवरत नव्हतं. सगळ्यांना वाटलं, आनंदाचं आहे.

ताई: तुझ्या आई-वडिलांनी तुला काही कमी केलं?

मी: काहीही नाही. ताई, याच प्रश्नानं मी चाळीस वर्षं गप्प बसले. मी मुळांचा शोध म्हटलं की समोरचा माणूस हेच विचारतो. मग मी आधी माझ्या आई-बाबांच्या चांगुलपणाची साक्ष काढायची, आणि ती काढता काढता माझा प्रश्न राहून जायचा. "नशीब काढलंस पोरी," असं मला किती जणांनी सांगितलंय! कृतज्ञता माझ्या मनात आहेच. पण ती रोज भरायच्या हप्त्यासारखी मागितली की माणूस दबतो. मी रुसले तरी वाटायचं, मला रुसायचा हक्क आहे का? बाबा गेल्यावर आईनं स्वतःच कपाटातून माझी फाईल काढली. म्हणाली, "इतकी वर्षं भीती वाटत होती, की हे दिलं तर तू जाशील." म्हणजे तीही घाबरून जगत होती. आमच्या घरात आम्ही तीन माणसं एकमेकांना दुखवायच्या भीतीनं एकाच गोष्टीभोवती फिरत होतो.

ताई: फाईल घेऊन तू संस्थेत गेलीस.

मी: गेले. तिथली मुलगी नवी होती, माझ्याशी चांगलं बोलली. रीतसर अर्ज घेतला, आणि तीन महिन्यांनी एका पानाची झेरॉक्स हातात दिली. आई अविवाहित, वय 19, शिक्षण सातवी, प्रकृती चांगली. नावाच्या आणि गावाच्या जागी कागदाची पट्टी ठेवून झेरॉक्स काढली होती. पट्टीची कड उमटली होती कागदावर, एक बारीक काळी रेघ. ताई, त्या रेघेखाली माझी आई होती. मी त्या रेघेवरून बोट फिरवत बसले. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान असलेल्या मुलीला तिथे माझ्या आईचं नाव वाचता येत होतं, मला नाही.

ताई: तशा पट्ट्या मीही ठेवल्या आहेत.

मी: मला माहीत आहे. म्हणून तर तुम्हाला विचारतेय.

ताई: मग ऐक. एका मुलानं ओळखीच्या माणसाकरवी आईचा पत्ता काढला आणि थेट गावात गेला. मनानं चांगला मुलगा, नुसतं बघायचं होतं त्याला. दारात सासू उभी. त्यानं चौकशी केली आणि बाकीचं गावानं जुळवलं. त्या बाईला तीन मुलं होती. तिला माहेरी पाठवली, आणि माहेरच्यांनी, ज्यांनी तिला आमच्याकडे आणून सोडलं होतं त्यांनीच, दार लावून घेतलं. पुढे दोन वर्षं ती मला फोन करायची, एसटी स्टँडवरच्या बूथवरून. बोलायची काही नाही, नुसती रडायची. आज नियम सांगतात की त्रयस्थ माणसामार्फत असा शोध घेता येत नाही, आणि मुलाच्या हक्कानं आईच्या खासगीपणाला धक्का लागू नये. तुला तो नियम भिंतीसारखा वाटतो. मला त्या बाईचं रडणं ऐकू येतं. आणि गुपिताची रीत आम्ही काढलेली नाही. जोतीराव-सावित्रीबाई फुल्यांनी 1863 मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं तेव्हा विधवांना हाच भरवसा दिला होता, की इथे येऊन गुपचूप आणि सुखरूप बाळंत व्हा. तो भरवसा नसता तर किती बायकांनी विहीर जवळ केली असती?

मी: पण त्या भरवशाचा दुसरा अर्धा भाग तुम्ही सोडून दिलात, ताई. मूल न्यायचं की ठेवायचं हे बाईच्या खुशीवर राहील, असंही त्यांनी सांगितलं होतं. आणि त्याच घरात आलेल्या काशीबाईचा मुलगा त्यांनी 1874 मध्ये दत्तक घेतला. यशवंत. त्याला वाढवलं, तो डॉक्टर झाला, जोतीरावांनी 1887 च्या मृत्युपत्रात त्याला वारस केलं. 1897 च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई रुग्णांची शुश्रूषा करता करता गेल्या, तेव्हा दवाखाना यशवंतचाच होता. या सगळ्यात काशीबाईचं नाव कुणी पुसलं नाही. दीडशे वर्षांनी आपल्याला ते माहीत आहे. तेव्हा जमलं ते 1984 मध्ये का जमू नये?

ताई: काशीबाईचं नाव माहीत आहे. पुढे?

मी: म्हणजे?

ताई: पुढे काय माहीत आहे तुला तिच्याबद्दल? यशवंताची आई, ब्राह्मण विधवा, फसवली गेली, फुल्यांनी आधार दिला. संपलं. तिला काय वाटलं होतं? मुलगा डॉक्टर झालेला तिनं पाहिला का? भाषणात आपण तिचं नाव घेतो ते फुल्यांचा मोठेपणा सांगायला. नाव उघडं असलं म्हणजे बाई ऐकली गेली, असं नसतं. तुला तुझ्या आईचं नाव हवंय, मी समजू शकते. पण तिचं काय झालं, ते ऐकायची तयारी आहे का तुझी?

मी: सांगा.

ताई: तुझी आई मला माहीत नाही. तिच्यासारख्या शेकडो माहीत आहेत. बाळ झालं की तिसऱ्या दिवशी पान्हा फुटायचा. बाळ शेजारच्या खोलीत, आणि आम्ही हिच्या छातीला फडकं घट्ट आवळून बांधायचो, दूध आटावं म्हणून. बाळ रडलं की फडकं भिजायचं. दहाव्या-बाराव्या दिवशी मामा न्यायला यायचा. गावी गेल्यावर ती टायपिंग शिकून आलेली मुलगी, त्यामुळे दुसऱ्या दिवशी विहिरीवरून पाणी आणायचं, खुरपायला जायचं. आपल्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना जपतात. शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, कानाला फडकं. हिला काही नाही, कारण काही झालंच नव्हतं. वर्षभरात लग्न. पुढच्या बाळंतपणात सुईण म्हणायची, "पहिलटकरीण असून बरी सुटलीस गं." हिनं तिथेही गप्प राहायचं.

मी दर मुलीला जाताना डिंकाचे चार लाडू बांधून द्यायची. वाटेत खा, म्हणायची, घरी नेऊ नकोस. एकीनं मला विचारलं होतं, "ताई, बारसं कोण करणार?" आमच्या आया करायच्या, नर्स नाव ठेवायची. ते मी तिला सांगितलं. काय नाव ठेवाल, एवढं तिनं विचारलं नाही. विचारायची परवानगी आहे, असं तिला वाटलंच नसणार.

त्या दिवशी मी बराच वेळ काही बोलले नाही. चहा निवून गेला. आजवर आईचा विचार केला तो मला सोडून गेलेली बाई म्हणून, कधी रागानं, कधी कळवळ्यानं. तिच्या भिजलेल्या फडक्याचा विचार मी कधी केला नव्हता. मग मी त्यांना तो प्रश्न विचारला, ज्याच्यावर आमच्या पुढच्या सगळ्या भेटी उभ्या राहिल्या.

मी: ताई, तुम्ही वचन पाळताय म्हणता. गुपित राखायचं वचन तिनं मागितलं होतं का?

ताई: (थांबून) मागायचे ते तिच्या घरचे. मामा म्हणायचा, "बाई, पुन्हा या पोरीचं नाव कुठे निघायला नको." आम्ही म्हणायचो, "नाही निघणार."

मी: आणि ती?

ताई: ती तिथे बसलेली असायची.

मी: मग हे वचन तुम्ही तिला दिलं की मामाला?

ताई: दिलं मामाला. पण बायकांनाही ते हवं असतं, खूप जणींना. मी खोटं नाही सांगत. आमच्या दारासमोरून तोंड फिरवून गेलेल्या बायका मी पाहिल्यात. आणि अशाही एक-दोघी आल्या, वीस वर्षांनी, पंचवीस वर्षांनी. नवरा वारला, मुलगा शहरात गेला, आता कोणी विचारणारं नाही, म्हणून आल्या. एक म्हणाली, "जिवंत आहे ना, एवढंच सांगा." मी म्हटलं, "सांगता येत नाही." नियम होता. तिनं माझ्याकडे बघितलं तशीच, जशी पूर्वी दाराकडे बघायची. अर्ज करायची सोय होती ती फक्त मुलाला. तिच्यासाठी अर्जाचा कागदच नव्हता. तिच्यावर पहिला अन्याय झाला तेव्हा मी साक्षीला होते. दुसऱ्यांदा तो माझ्या तोंडून झाला. हे मी आजवर कुणाशी बोलले नाही.

मी: मग मी त्या पट्टीवर रागावते ते चुकीचं नाही ना?

ताई: राग चुकीचा नाही. पण पट्टी ओढून काढलीस तर तुझ्या आईबद्दलचा तिसरा निर्णय तू घेतलास. पहिला मामाचा, दुसरा आमचा, तिसरा तुझा. तिला विचारलं एकानंही नाही.

मी: आणि पट्टी कायमची ठेवली, तरी तेच होतं.

ताई: हो. ते मला आज मान्य आहे.

इथून पुढे आम्ही वाद घालत होतो तो एकाच बाजूला बसून. मी त्यांना बाहेरच्या देशांत काय झालं ते सांगितलं. इंग्लंडमध्ये 1975 च्या कायद्यानं सज्ञान दत्तक मुलांना आपली मूळ जन्मनोंद बघायचा हक्क मिळाला. ज्यांचं दत्तक त्या कायद्याच्या आधी झालं होतं, त्यांना नोंद हाती येण्यापूर्वी समुपदेशकाची भेट घ्यावी लागे. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सनं 1990 मध्ये माहिती आणि भेट या दोन गोष्टी वेगळ्या केल्या. माहितीचा हक्क मुलाला आणि जन्मदात्यांना दोघांनाही, पण ज्याला भेट नको त्याला तशी नोंद करून ठेवता येई. आणि 21 मार्च 2013 ला ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधान ज्युलिया गिलार्ड यांनी, ज्या आयांवर बाळ सोडायची सक्ती झाली त्यांची आणि त्यांच्या मुलांची देशाच्या वतीनं जाहीर माफी मागितली.

ताई: माफी चांगलीच. पण आपल्याकडची गोष्ट थोडी निराळी आहे. तिथे बाईच्या नावानं पत्र आलं तर तीच उघडते. इथे पोस्टमन पत्र सासऱ्याच्या हातात देतो. फोन मुलाचा, नंबर सुनेला पाठ. मग विचारायचं कसं, हाच खरा प्रश्न आहे. कोण जाणार, कुठे भेटणार, काय निमित्त सांगणार? आरोग्य केंद्रात, आठवडी बाजारात, माहेरच्या लग्नात, जिथे ती पाच मिनिटं एकटी असेल तिथे. हे काम कारकुनाचं नाही. त्यासाठी शिकलेली, पोक्त बाई लागते, आणि तिला वेळ द्यावा लागतो.

मी: म्हणजे तुम्ही विचारायच्या बाजूनं आहात?

ताई: आहे. पण विचारायचं म्हणजे नकारालाही जागा ठेवायची. "नाही" म्हणाली तर ते तिचं आयुष्यातलं कदाचित पहिलं नाही असेल. तू ते ऐकशील?

मी: (बऱ्याच वेळानं) मला फार लागेल. पण ते तिचं असेल, काळ्या रेघेचं नसेल. चाळीस वर्षं मला वाटत आलं, की सगळे अधिकार दुसऱ्यांकडे आणि माझ्याकडे फक्त वाट बघणं. तीही वाट बघत असेल, असं कधी मनात आलं नाही. ती आता साठीला आली असेल, ताई. हा प्रश्न विचारायला फार वर्षं उरलेली नाहीत.

ताई: म्हणून सांगते, पत्र लिही. संस्थेत दे, फाईलला लावायला सांग, आणि अर्जात लिही, की मला पत्ता नको, माझ्या आईला विचारा. नुसतं तिला विचारा. मी येते तुझ्याबरोबर. आणि तिनं कधी स्वतःहून येऊन चौकशी केली, तर पत्र तिथे असलं पाहिजे. माझ्या दारातून ती बाई रिकामी गेली, तशी ही जायला नको.

मी: आणि ज्या मुलांच्या फाईलमध्ये पट्टीसुद्धा नाही? जी पाळण्यात, झुडपात सापडली? परदेशी गेलेली, ज्यांना आई भेटली तरी मराठी येत नाही?

ताई: त्यांच्यासाठी माझ्याकडे उत्तर नाही. त्यांच्याशी बोलताना उत्तर असल्याचा आव आणायचा नाही, एवढं मी शिकलेय. पण ज्यांच्या आईचं नाव लिहिलेलं आहे, त्यांना तरी आपण त्या मुलांसारखं का वागवावं?

पुढच्या आठवड्यात मी कागद घेऊन बसले. संध्याकाळ झाली तरी पहिली ओळ पुढे जाईना. शेवटी ताईंना फोन केला.

मी: ताई, आईला आपण "तू" म्हणतो. अनोळखी बाईला "तुम्ही". मी काय लिहू? "तू" लिहिलं तर तिच्यावर हक्क सांगितल्यासारखं होतं. "तुम्ही" लिहिलं की हात अडखळतो.

ताई फोनवर काही क्षण बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तुम्ही लिही. आणि शेवटी विचार, की मी तुम्हाला तू म्हणू का?"